तुलनेचा तुकडा

दर चौथ्या मंगळवारी आम्ही ट्रामनं इस्पितळात जातो.
शेफील्डचे चढउतार कुंदाला एकेकाळी तोंडपाठ होते,
आता तोच चढ दर वेळी नवा लागतो
आणि ती विचारते, "उतरायचं कुठं आपण?"
मी म्हणतो, "शेवटच्याच्या आधी."
हे उत्तर तिला आवडतं. हसते.

इफेओमा शीर शोधते.
"आज लपून बसलीय," म्हणत मनगट चोळत राहते.
पिशवीत औषध आहे की नुसतं मिठाचं पाणी
हे इफेओमाला ठाऊक नाही, डॉक्टर प्रिचर्डना नाही,
कुठल्याशा गावातल्या एका संगणकाला ठाऊक आहे
आणि तो अजून चौदा महिने बोलणार नाही.

पस्तीस वर्षं मी पोलादाच्या प्रयोगशाळेत काढली.
दहा तुकडे भट्टीत घातले की
अकरावा बाजूला ठेवायचा, तसाच, थंड,
वर खडूनं फुली.
तो नसेल तर बाकीच्या दहांना काही अर्थ नाही,
हे मीच शिकवायचो नव्या पोरांना.
फुली मारताना माझा हात कधी थांबला नाही.

मग प्रश्न.
तीन शब्द लक्षात ठेवा: सफरचंद, टेबल, पेनी.
शंभरातून सात वजा करत चला.
पोस्टाच्या खिडकीत बसून ही बाई
रांगेतल्या प्रत्येकाची पेन्शन तोंडी चुकती करायची.
"त्र्याण्णव," म्हणते, मराठीत. "शहाऐंशी."
मी इंग्रजी करून सांगतो,
आणि एकोणऐंशी मनातल्या मनात तिच्याकडे ढकलतो.
ती खिडकीबाहेर बघते.
घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं.
वर्तुळ सुरेख काढलं, बांगडी ठेवून काढावं तसं.
आकडे मात्र सगळे उजवीकडे, दाटीवाटीनं.
पंतप्रधान कोण?
"कालचे, की आजचे?"
डॉक्टर हसले. गुण द्यावा की नाही, पेन अडलं.
मलाही सांगता येईना.

घरी रेडिओ. बातम्या तिला पहिल्यापासून लागतात.
बातम्यांवरून आम्ही जितके भांडलो तितके पैशावरून नाही.
खाणकामगारांचा संप तिच्या लेखी अजून मिटलेला नाही,
मधूनच फडताळातले डाळीचे डबे
"त्यांच्यासाठी" दाराशी मांडून ठेवते.
निवेदक सांगतो, शाळेवर बॉम्ब पडला, इतकी मुलं.
मी चहा गाळत असतो.
ती उठून उभी राहते. "अगं बाई, लहान मुलं?"
दहाला. अकराला. बाराला.
दर वेळी पहिल्यांदा.
काही दिवस मी तासाच्या ठोक्याला रेडिओ बंद करत होतो.
एकदा राहून गेला.
चारच्या बातम्यांत आकडा वाढला होता.
सकाळचा किती होता, मला आठवेना.

त्याच बातम्यांत, शेवटाकडे, क्रिकेटच्या आधी,
एका नव्या औषधाविषयी:
ऱ्हास काही महिने लांबतो, खर्च फार आहे,
सरकारी तिजोरीतून देता येईल की नाही, मतभेद आहेत.
काही महिने.
मी बोटांवर मंगळवार मोजायला लागलो.
कुंदा म्हणाली, "चांगलं झालं हो,
कुणाचं तरी भलं होईल."
आणि बिस्किटाचा अर्धा तुकडा माझ्या बशीत ठेवला.

रात्री दोनच्या सुमारास, अंधारात, स्वच्छ आवाजात,
"पेनी."
मी दिवा लावला. ती गाढ झोपलेली.
सांगायचं तरी कुणाला? इस्पितळ बंद,
प्रश्नपत्रिकेला कुलूप.
कॅलेंडरवर मंगळवारच्या चौकटीत
मी पेन्सिलीनं तेवढाच शब्द लिहिला.

सकाळी तिनं तो चष्मा लावून वाचला.
"ही पेनी कोण?" म्हणाली.
"जेवायला थांबणार आहे का?
मग भात जास्त लावते."